कातडीखालच्या यंत्राची किल्ली

जुन्या घरांतील भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागे. ते काम बहुधा घरातील एकाच माणसाकडे असे आणि त्याचा वारही ठरलेला असे. किल्ली द्यावयाची राहिली, तर घड्याळ बंद पडे, एवढेच. शेजारी वेळ विचारून काटे पुन्हा लावता येत. परंतु घड्याळाऐवजी एखादे यंत्र माणसाच्या छातीत बसविलेले असेल, त्याच्या तारा थेट मेंदूत गेलेल्या असतील आणि त्यालाही नेमाने किल्ली द्यावी लागत असेल, तर तो नेम चुकण्याचा अर्थ फार वेगळा होतो. कंपवातासारख्या विकारांवर गेल्या काही दशकांत जो विद्युत्-उपचार प्रचारात आला, त्यातील पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या यंत्रांची हकीकत अशीच आहे.

आयुर्वेदाला कंपवात परिचित होता. पाश्चात्त्य वैद्यकात त्याचे व्यवस्थित वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले आणि पुढे त्यांचेच नाव त्या विकारास पडले. मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा समूह असतो. त्या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की हात कापू लागतात, अंग ताठरते, पाऊल उचलता उचलत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव मावळतात. डोपामिनची उणीव लेव्होडोपा या औषधाने भरून काढता येते, हे १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. येथे जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या खाजकुइलीच्या शेंगेला कोकणातील मुले दुरूनच भितात, तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असते आणि ते तिच्यातून वेगळे करण्याचे काम भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ सालीच केले होते.

औषधाचा गुण प्रारंभी उत्तम येतो. पण काही वर्षांनी तो लहरी होऊ लागतो. दिवसातील काही तास रुग्ण मोकळा हिंडतो-फिरतो, काही तास खिळल्यासारखा बसतो, तर काही वेळा हातापायांना आपोआप वेडेवाकडे झटके येतात. अशा रुग्णांच्या मेंदूतील एखादा सूक्ष्म भाग जाळून निकामी करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी करीत. तो भाग जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे की नाही, हे विजेचा सौम्य प्रवाह सोडून पाहत. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद यांच्या ध्यानात असे आले की, हा प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदने या वेगाने सोडला, तर कंप जागच्या जागी थांबतो. मग जाळावयाचे कशाला? तारच तेथे ठेवून द्यावी आणि प्रवाह चालू ठेवावा, हा विचार त्यांनी १९८७ मध्ये अमलात आणला. अमेरिकेत या उपचाराला कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनच्या विकारासाठी २००२ मध्ये संमती मिळाली. भारतातही दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बंगळूरची निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि मुंबईतील काही रुग्णालये येथे हा उपचार होतो. रोग त्याने बरा होत नाही. रोगाची पकड सैल होते. ज्याला भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, त्याला तो नेता येऊ लागला, तर त्या घरात या फरकाची किंमत काय असेल, हे सांगावयास नको.

यंत्राची रचना वर्णन करावयास सोपी आहे. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची एक तार कवटीला भोक पाडून मेंदूत खोल सोडलेली असते. तिच्या टोकाशी धातूची लहान लहान कडी असतात. वरचे टोक डोक्याच्या कातडीखालून कानामागे आणतात, तेथे दुसरी तार जोडतात आणि ती मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत नेतात. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली एक कप्पा करून त्यात टायटॅनियमची चपटी डबी बसवितात. या डबीत विद्युतघट आणि स्पंदने निर्माण करणारी यंत्रणा असते. बाहेरून पाहणाऱ्याला सदऱ्याच्या आत किंचित उंचवटा दिसतो, एवढेच.

प्रश्न येतो तो विद्युतघटाचा. हृदयाला चालना देणारे यंत्र मिनिटाला सत्तर ठोके देते असे धरले, तर दिवसाचे सुमारे एक लाख ठोके होतात. मेंदूसाठीचे यंत्र बहुधा सेकंदाला १३० स्पंदने सोडते; म्हणजे दिवसाला एक कोटी बारा लाखांहून अधिक, आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना तारा असतील तर त्याच्या दुप्पट. मेंदूकडे जाणारे प्रत्येक स्पंदन हृदयाच्या ठोक्याहून पुष्कळच आखूड असते, हे खरे. तरीही एकूण हिशेबात विजेचा खर्च बराच मोठा होतो. त्यामुळे साधा, म्हणजे एकदा संपला की टाकून द्यावयाचा घट पार्किन्सनच्या रुग्णात साधारणपणे तीन ते पाच वर्षे पुरतो. डिस्टोनिया नावाच्या, अंग पिळवटून टाकणाऱ्या विकारात प्रवाह अधिक लागतो आणि घट त्याहूनही लवकर संपतो. हा विकार लहान मुलांनाही होतो. दहा वर्षांच्या मुलाला दर दोन-तीन वर्षांनी छाती उघडून नवी डबी बसवावयाची, तर त्याच्या उभ्या आयुष्यात किती शस्त्रक्रिया होतील, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

डबी बदलण्याची शस्त्रक्रिया लहान असते, परंतु तिच्यात एक मोठे भय दडलेले असते. जुन्या कप्प्याभोवती शरीराने घट्ट, पांढुरके वेष्टण तयार केलेले असते आणि त्यात रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. असा कप्पा पुन्हा उघडला की जंतूंना वाट मिळते. स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू धातूवर व प्लास्टिकवर चिकट थर धरून बसतात आणि त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही. मग बहुतेक वेळा डबी, आणि कधी कधी मेंदूतील तारसुद्धा, काढून टाकल्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुन:पुन्हा कप्पा उघडावा लागू नये, या एकाच हेतूने बाहेरून भारित करता येणारी यंत्रे २००९ च्या सुमारास या उपचारात आली.

ही कल्पना मात्र नवी नव्हे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थांच्या शरीरात हृदयाला चालना देणारे जगातील पहिले यंत्र बसविण्यात आले. शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली आणि यंत्र रूने एल्मक्विस्ट या अभियंत्यांनी घडविले. त्या यंत्रातील निकेल-कॅडमियमचा घट कातडीबाहेर वेटोळे धरून भारित करावयाचा होता. म्हणजे शरीरात बसलेले पहिलेच यंत्र किल्लीचे होते. ते काही तासांत बंद पडले आणि त्याच्या जागी दुसरे बसवावे लागले. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्या आधी निवर्तले. एवढ्या अवधीत त्यांच्या शरीरात वीसहून अधिक यंत्रे बसविली गेली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशी भारित होणारी हृदययंत्रे पुन्हा प्रचारात आली. तथापि १९७२ पासून लिथियम-आयोडिनचा दीर्घायुषी घट उपलब्ध झाला आणि हृदयाच्या रुग्णांनी किल्लीच्या कटकटीतून आनंदाने सुटका करून घेतली. मेंदूच्या यंत्राची तहान मोठी, म्हणून तेथे ती कटकट परत आली.

आता ही किल्ली देतात कशी, ते पाहू. १८३१ मध्ये फॅरेडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या एका वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. दोहोंना जोडणारी तार लागत नाही. हेच तत्त्व येथे योजिलेले आहे. एक वेटोळे छातीतील डबीत, दुसरे चार्जरच्या चकतीत. रुग्णाने ती चकती डबीच्या नेमकी वर धरावयाची किंवा पट्ट्याने बांधावयाची आणि स्वस्थ बसावयाचे. कोणी रोज अर्धा तास बसतो, कोणी आठवड्यातून एकदा काही तास. परंतु दोन वेटोळ्यांतील अंतर वाढले की वीज पोहोचत नाही. डबी कातडीपासून सुमारे एक सेंटिमीटरहून खोल असू नये आणि दोन्ही वेटोळी समोरासमोर असावीत, अशी या व्यवस्थेची अट आहे. बहुतेक अडचणी या अटीतूनच निर्माण होतात.

शस्त्रक्रियेनंतर प्रारंभी जखमेला सूज असते, कप्प्यात पाणी साचते. तेवढ्यानेही भारित होण्यात व्यत्यय येतो. सूज उतरली की तो प्रश्न मिटतो. पुढे उपचार लागू पडून रुग्णाचे वजन वाढले (आणि ते पुष्कळदा वाढते), तर डबीवर चरबीचा थर चढतो आणि अंतर वाढते. उलट फार कृश रुग्णाच्या छातीवर कातडी इतकी पातळ असते की डबीच्या कडेने ती झिजते, लाल होते आणि क्वचित फाटून आतला धातू उघडा पडतो. उघडा पडलेला धातू म्हणजे जंतुसंसर्ग झालाच असे समजून चालावे लागते. म्हणजे डबी खोल बसवावी तर वीज पोहोचत नाही, उथळ बसवावी तर कातडी टिकत नाही. शल्यविशारदाला या दोहोंमध्ये जे काही मिलिमीटर मिळतात, त्यांत आपले कसब दाखवावयाचे असते.

याहून विलक्षण अडचण डबी उलटण्याची. भारित होणारी डबी आकाराने लहान आणि कडांनी गोल असते. कप्पा किंचित सैल राहिला, तर रुग्णाच्या हालचालींनी ती पुस्तकाच्या पानासारखी उलटते. आतील वेटोळे मग छातीकडे तोंड करते आणि चार्जर वरून कितीही वेळ धरला, तरी घट रिकामाच राहतो. काही रुग्णांना कातडीखालच्या त्या वस्तूशी बोटांनी खेळण्याची सवय लागते. १९६८ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी हृदययंत्राच्या एका रुग्णात हा प्रकार प्रथम वर्णिला आणि त्याला चाळेकऱ्याचा विकार अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. मराठीत चाळा हा शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो. चाळा जाणूनबुजून केलेला असतोच असे नाही. झोपेतही हात तेथे जातो. डबी फिरत राहिली की तिला जोडलेल्या तारेला पीळ बसतो. मग तार ताणली जाते, तुटते, किंवा मेंदूतील टोक काही मिलिमीटर वर ओढले जाते. मेंदूतील लक्ष्यस्थानच काही मिलिमीटरांचे असते. तेवढे टोक सरकले की सारा उपचार व्यर्थ.

क्ष-किरणांच्या चित्रात उलटलेली डबी आणि पीळ बसलेली तार स्पष्ट दिसते. कधी कधी अनुभवी डॉक्टर कातडीवरूनच हलक्या हाताने डबी सुलटी करतात. ते न साधल्यास कप्पा पुन्हा उघडावा लागतो. म्हणजे जी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी एवढा खटाटोप, तीच दारात येऊन उभी राहते. यावर उपाय साधाच आहे. डबीच्या वरच्या अंगाला टाके घालण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून न विरघळणारा धागा ओवून डबी स्नायूंवरील पक्क्या आवरणाला बांधावयाची, आणि ती शक्यतो एका ठिकाणी न बांधता दोन ठिकाणी. कप्पाही डबीच्या मापाचाच ठेवावयाचा, मोठा नाही. दोरीची एक गाठ अधिक मारण्याचा हा प्रश्न आहे, आणि यंत्रशास्त्राने एवढी मजल मारल्यावरही सारा डोलारा त्या गाठीवर उभा असावा, याचे नवल वाटते.

तारांच्या इतर तक्रारी साध्या घटाच्या आणि भारित होणाऱ्या अशा दोन्ही यंत्रांत सारख्याच आढळतात. दोन तारांचा सांधा मानेत ठेवला, तर मान वळविताना तो ओढला जाऊन तार तुटण्याचा संभव वाढतो. म्हणून आता तो कवटीवर, कानामागे ठेवतात. मानेतील तारेभोवती घट्ट तंतू तयार झाले की ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली दिसते आणि मान फिरविणे कष्टाचे होते. तार तुटली आहे की नाही, हे कातडी न उघडता विद्युत्-विरोध मोजून कळते: विरोध अवाच्या सवा वाढला तर तार तुटली, फारच घटला तर आत कोठे तरी दोन मार्ग एकमेकांना चिकटले.

यंत्र बंद पडले तर काय होते? कंप काही मिनिटांत परत येतो. ताठरपणा व मंदपणा काही तासांत. परंतु ज्यांनी अनेक वर्षे उद्दीपन घेतले आहे आणि ज्यांची औषधे दरम्यान पुष्कळच कमी केलेली आहेत, अशा रुग्णांत प्रकरण तेवढ्यावर थांबतेच असे नाही. अंग लाकडासारखे होते, ताप चढतो, गिळता येत नाही, आणि औषध पुन्हा भरपूर दिले तरी ते पूर्वीसारखे लागू पडत नाही. अशा अवस्थेत मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. डिस्टोनियाच्या रुग्णात झटक्यांचे न थांबणारे सत्र सुरू होऊ शकते. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे यंत्र लवकरात लवकर पुन्हा चालू करणे. म्हणून रिकामा घट ही गैरसोय न मानता तातडीची वैद्यकीय अवस्था मानली पाहिजे. घट अगदी तळापर्यंत रिता झाला, तर घरचा चार्जर त्याला जागे करू शकत नाही. रुग्णालयातील यंत्राने विशेष रीतीने त्याला उठवावे लागते. असे वारंवार झाले तर घट कायमचा निकामी होण्याची भीती असते.

तेव्हा किल्ली देणारा कोण, हा प्रश्न उरतो. ज्याचे हात कापतात, त्यानेच चकती छातीवर नेमक्या जागी लावून धरावी, अशी ही मूळ योजना. स्मृती क्षीण होऊ लागलेल्या वृद्धाने वार लक्षात ठेवावयाचा असतो. व्यवहारात हे काम पत्नीकडे, सुनेकडे किंवा मुलाकडे येते आणि ते वर्षानुवर्षे चालते. सरकारी कचेरीत ज्यांनी पुलांच्या आणि नळयोजनांच्या फायली पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बांधकामाचा खर्च मोठ्या समारंभाने मंजूर होतो. देखभालीचा खर्च दुसऱ्या शीर्षाखाली असतो आणि त्याची आठवण पाणी गळू लागल्यावर होते. भारित होणाऱ्या यंत्राची किंमत अधिक असते आणि ती देणगीतून, कर्जातून किंवा विम्यातून उभी केली जाते. पण त्या यंत्राला जन्मभर एक सावध माणूस लागतो, ही रक्कम कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. जो एकटा राहतो, ज्याच्या गावी वीज दिवसाचे कित्येक तास जाते, किंवा ज्याला नवीन यंत्राचा धसकाच वाटतो, त्याला साधा घट बसवून चार-पाच वर्षांनी एक लहान शस्त्रक्रिया स्वीकारावयास लावणे हेच शहाणपणाचे ठरते. लहान मुलाच्या बाबतीत, आईबाप तत्पर असतील तर, उलट निर्णय योग्य होईल. दोन्ही यंत्रांची माहिती रुग्णाच्या घरच्यांना शस्त्रक्रियेपूर्वी मिळावी. चार्जरची चकती त्यांच्या हातात देऊन ती लावून पाहण्यास सांगावे. बाहेरगावच्या रुग्णाला दाखल होण्याच्या धावपळीत हे सांगितले, तर त्यातले फारसे ध्यानात राहत नाही.

आणखी एक धोका आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. खांदा किंवा पाठ दुखते म्हणून डायथर्मी, म्हणजे विद्युत्-लहरींचा शेक, घेण्याची पद्धत शहरांत आणि तालुक्याच्या गावीही सर्रास आहे. मेंदूत तार असलेल्या माणसाला हा शेक सर्वथा वर्ज्य होय. लहरींची उष्णता तारेच्या टोकाशी एकवटते आणि मेंदूचा भाग भाजतो. अशा प्रकारे एका रुग्णाच्या मेंदूला गंभीर इजा झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. शेक देणाऱ्याला कपड्याखालची डबी दिसत नाही, म्हणून यंत्राचे ओळखपत्र रुग्णाच्या खिशात आणि त्याचा उल्लेख घरच्यांच्या तोंडी असावा.

भारित होणारे यंत्रसुद्धा अमर नसते. अशा एका यंत्राला प्रारंभी नऊ वर्षांची मुदत घालून दिलेली होती. ती पुढे पंधरा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. नंतर आलेल्या काही यंत्रांना त्याहूनही दीर्घ मुदतीचे आश्वासन दिले जाते. परंतु ते पाळावयास घट जसा टिकला पाहिजे, तसा चार्जरही टिकला पाहिजे आणि तो करणारी कंपनीही. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने अंधांच्या डोळ्यांत बसविण्याचे कृत्रिम दृष्टिपटल तयार केले होते. जगभरातील साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ च्या सुमारास कंपनीने ते बनविणे थांबविले, आणि सुटे भाग व दुरुस्ती मिळेनाशी झाल्याचे वृत्त २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कित्येकांच्या डोळ्यांत ते बंद पडल्यावरही तसेच राहिले. मेंदूच्या यंत्रांवर अद्याप तशी वेळ आलेली नाही. पण एका कंपनीचा चार्जर दुसरीच्या यंत्राला चालत नाही, आणि तो हरवला तर नाक्यावरच्या दुकानात दुसरा मिळत नाही. रुग्ण मुलीकडे चार दिवस राहावयास निघाला, तर औषधाच्या डबीबरोबर चार्जर आणि त्याची तार पिशवीत पडली की नाही, हे गाडी सुटण्यापूर्वी पाहावे लागते. गाडी सुटल्यावर ते ध्यानात आले, तर पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरणे भाग पडते.